गुळगुळीत बाजू खाली

जळगाव
सोमवार, १० मार्च २०२५

ती. अक्कास,

सरिताचा नमस्कार. रेशमाला आणि बादलला पापा. बादलचा डाव्या गालाचा घे, उजव्या गालाचा तो लगेच पुसून टाकतो.

पत्र आलं म्हणून छातीत धस्स करून घेऊ नकोस. तुझी मोनाली बरी आहे. म्हणजे काल होती तेवढीच आहे. पत्र लिहायचं कारण इतकंच, की तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे गावाशी बोलणं. तू फोन स्पीकरवर टाकतेस. परवा मी मोनालीच्या पोटाचं सांगत होते आणि मधेच कुणीतरी पुरुष खाकरला. एरवी नेटवर्क नसतं, आणि तू टेकडीवर चढून फोन लावतेस तोवर माझं अवसान गेलेलं असतं. शिवाय तू लावतेस तो नंबर जावईबापूंचा आणि नवलराव शेजारीच उभे. तर आपण अंगणवाडीच्या ताई आहात, लिहितावाचता येतं, एकदा शांत बसून वाचा. पत्र मुक्कामी गाडीच्या कंडक्टरकडे देते आहे, तो आपल्याकडचाच आहे.

ताप उतरला. सलाइन चालू आहे. नवल पोरगा चांगला निघाला गं. पिकअप गाडी भावाच्या ताब्यात देऊन आठ दिवस इथे हॉस्पिटलच्या व्हरांड्यात झोपतोय. दाढी वाढलीय, मी म्हटलं कर, तर म्हणाला, "ती घर येई तवय करसू."

आता खरं ते लिहिते. जखमेच्या खालच्या टोकातून जे झिरपतं त्याला मी फोनवर पू म्हटलं होतं. तो पू नाही. आतड्यातलं येतं आहे. आतड्याला छिद्र पडलंय आणि ते जखमेच्या वाटेने बाहेर तोंड काढून बसलंय. म्हणून तिला तोंडाने जेवण बंद आहे.

तू विचारलंस, ऑपरेशन चांगलं झालं होतं, मग चार महिन्यांत असं कसं झालं. मुळापासून सांगते, म्हणजे कुणी काही भलतंच सांगितलं तर तुला कळेल.

मोनालीच्या दोन्ही सिझरचे टाके एकाच जागी पडलेले. ती जागा सैल झाली आणि आतडं कातडीखाली येऊन बसायला लागलं. बादलला उचललं की पोटाला वांग्याएवढा फुगा यायचा, तूच दाखवला होतास. नुसतं शिवलं तर पुन्हा उसवतं, म्हणून जाळी बसवतात. तू आमच्या धुळ्याच्या दवाखान्यातल्या सरांना विचारलं होतंस, "पोटमा मच्छरदानी टाकतंस का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण सर हसले नाहीत. म्हणाले, बाई, बरोबर बोललात, आपल्या भागात जांघेतल्या हर्नियाला मच्छरदाणीच्या कापडाचे तुकडेसुद्धा घालतात आणि ते चांगले टिकतात.

पण मोनालीचं भगदाड मोठं. मधे मांसाचा पदर ओढून घ्यायला जागाच उरली नव्हती. जाळी थेट आतड्यावर बसणार होती. साध्या जाळीचा गुण असा की तिच्या भोकांतून मांस वाढतं आणि ती पक्की होते. दोषही तोच. ती आतड्यालाही सोडत नाही, त्यालाही धरते. म्हणून अशा पेशंटला दुहेरी जाळी लागते. वरची बाजू खरखरीत, पोटाच्या भिंतीला धरणारी. खालच्या बाजूला एक गुळगुळीत थर, दुधावरच्या सायीसारखा पातळ. तो थर आतड्याला पहिले काही दिवस जाळीपासून लांब ठेवतो, तोवर शरीर स्वतःचं अस्तर तयार करतं.

ती जाळी आपल्या आवाक्यातली नव्हती. माझ्याकडे होती. म्हणजे एक तुकडा होता. कंपनीची मोठी जाळी एखाद्याला लावली की कडेचं कापलेलं उरतं. कंपनी म्हणते, फेका. बावीस वर्षांत मी एक तुकडा फेकलेला नाही. धुऊन, पाकिटात घालून, निर्जंतुक करायच्या गॅसयंत्रातून काढून माझ्या कपाटात ठेवते आणि ज्याच्यामागे कुणी नाही त्याला सर तो वापरतात. आई नाही का, शिंप्याकडच्या चिंध्या आणून गोधड्या शिवायची, तसंच. किती मजुरांची पोटं त्या कपाटाने शिवली असतील. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

तर सगळं रीतसर झालं होतं. जाळी दुहेरीच होती. इथल्या डॉक्टरांनीही मला विचारलं, सिस्टर, आत नक्की कोणती जाळी आहे? मी म्हटलं, फाइलमध्ये लिहिली आहे तीच.

त्यांनी पुढच्या मंगळवारी, अठरा तारखेला, पोट उघडायचं ठरवलंय. म्हणाले, दुहेरी जाळी आहे म्हणजे आतडं एखाद्या कोपऱ्यालाच चिकटलं असेल, तेवढं सोडवून छिद्र शिवून टाकू. तेच पुढे म्हणाले, साधी जाळी असती तर मी चार-पाच महिने हात लावला नसता, शिरेतून अन्न देऊन आधी तिला उभी केली असती. घाईने घट्ट चिकटलेलं सोडवायला गेलं की आतडं फाटतं.

जुनी जाळी काढल्यावर नवी प्लास्टिकची चालणार नाही, जागा घाण झालेली आहे. जनावराच्या कातडीपासून केलेला एक पडदा मिळतो, नाहीतर तिच्याच मांडीतला पडदा काढून लावायचा. नवलने विचारलं, "कोणता जनावरनं?" डॉक्टर सांगणार तेवढ्यात मोनालीच म्हणाली, "मन्ही मांडीनंच लेवा. दुसरानं काही नको माले." मग मांडीचंच ठरलं.

ती आखाजीच्या सणाचे दिवस मोजते आहे. म्हणते, आखाजीला मी तुझ्याकडे झोक्यावर असेन. पोरं जेवली का, एवढंच दिवसातून दहा वेळा विचारते.

तुझी,
सरिता

ता.क. – फोनवर दर वेळी "तू व्हतीस म्हनीसन" म्हणतेस, मी होते म्हणून सगळं निभावलं असं, ते म्हणत जाऊ नकोस. मी काही केलेलं नाही.


जळगाव
शुक्रवार, २१ मार्च

अक्का,

मोनाली आयसीयूत आहे. ऑपरेशन एक तासाचं सांगितलं होतं, सहा तास चाललं. मी फोनवर तुला "जरा वेळ लागला" म्हणाले.

आतडं एका कोपऱ्याला चिकटलेलं नव्हतं. अख्ख्या जाळीला चिकटलेलं होतं. सोडवताना तीन ठिकाणी फाटलं. मांडीचा पडदा काढायची वेळच आली नाही. पोट शिवलेलं नाही, नुसतं झाकून ठेवलंय. ती डोळे उघडते, मिटते. नळी आहे म्हणून बोलता येत नाही. मी हात धरला की बोट हलवते.

डॉक्टर बाहेर आले ते सरळ माझ्याकडे. म्हणाले, "सिस्टर, त्या जाळीवर थर नव्हताच. साधी जाळीच आहे ती. फाइलमध्ये चुकीचं लिहिलंय का?"

फाइलमध्ये बरोबर लिहिलंय. थर होता. तो मी घालवला.

आता लिहिते. मधे थांबले तर पुन्हा लिहायची नाही.

जाळीच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू धुळ्याला आलीस, आठवतं? कळण्याच्या भाकरी, ठेचा, अंगणवाडीतून मोठ्या मुश्किलीने मिळवलेली दोन दिवसांची रजा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाट उघडलं. तुकड्याचं पाकीट कडेला उसवलेलं होतं. उसवलेलं पाकीट म्हणजे माल अशुद्ध, वापरायचा नाही, हे मी नव्या पोरींना पहिल्याच दिवशी शिकवते. पुन्हा गॅसयंत्रात टाकायचं तर एक दिवस आणि वर हवेशीर ठेवायला वेगळा वेळ. म्हणजे ऑपरेशन पुढे ढकला. एकदा आधी ढकललं होतंच, सर गावाला गेले म्हणून. मोनाली उपाशी टेबलावर जायच्या तयारीत. तू खाली पायरीवर बसलेली. आणि मी सगळ्या स्टाफला आठ दिवस सांगत फिरत होते, माझी भाची आहे, जाळी माझ्याकडची आहे, बघा कसं होतं ते.

मी तो तुकडा वाफेच्या ड्रममध्ये टाकला. साध्या जाळ्यांबरोबर. साध्या जाळीला वाफ चालते. अर्ध्या तासात काम होतं.

त्या थराला वाफ चालत नाही, हे मला माहीत होतं का? अक्का, माहीत होतं. पाकिटातल्या चिठ्ठीवर वर्षांपूर्वी वाचलं होतं. त्या सकाळी मी स्वतःला सांगितलं की कंपन्या असं लिहितातच, नवीन जाळी खपवायची असते त्यांना. दुसऱ्या कुणाची पोर असती तर मी सरांना म्हटलं असतं, सर, आज नको. बावीस वर्षांत चार वेळा तरी म्हटलंय. परक्यांना मी नियमाने वागवलं, आणि आपल्या पोरीसाठी नियम मोडला. ती आपली होती म्हणून.

टेबलावर मी तो ड्रममधून चिमट्याने उचलला. एक कोपरा वळला होता. थराच्या जागी चिकट पापुद्रा, मीठ-पाण्यात बुडवला तर तोही निघून गेला. दोन्ही बाजू सारख्या. सरांचा एक हात पोटात, डोळे तिकडेच. त्यांनी दुसरा हात पुढे केला आणि विचारलं, "सिस्टर, गुळगुळीत बाजू खाली ना?"

मी म्हणाले, "हो सर."

गुळगुळीत बाजू नव्हतीच. सरांनी वळून बघायला हवं होतं असं कुणी म्हणेल. ते माझ्या हातातली वस्तू कधी बघत नाहीत. गेली कित्येक वर्षं मी दिलेली सुई, दोरा, गॉझ त्यांनी न बघता घेतला, आणि मला त्याचाच माज होता.

नंतर तीन महिने ती बरी होती. मकर संक्रांतीला तू नवी दादर ज्वारी पाठवलीस, वर तिळाचे लाडू, आणि चिठ्ठीत लिहिलंस की तुझ्या हातात देवाचा वास आहे. त्या दादरीच्या भाकरी मी खाल्ल्या. मला वाटायला लागलं होतं की काही झालं नाही, निभावलं. फेब्रुवारीत ओकाऱ्या सुरू झाल्या तेव्हा मी सगळ्यांच्या आधी ओळखलं. आणि सगळ्यांना सांगितलं, काही नाही, पित्त असेल.

तू विचारशील, मंगळवारच्या आधी इथल्या डॉक्टरांना का नाही सांगितलंस. ते तर म्हणाले होते, साधी जाळी असती तर मी थांबलो असतो.

गेले होते सांगायला. दोनदा त्यांच्या केबिनच्या दारात उभी राहिले. पहिल्या वेळी आत पेशंट होता, मी पेशंट बाहेर यायची वाट बघितली नाही. दुसऱ्या वेळी त्यांनीच बघितलं आणि म्हणाले, "या सिस्टर. घरात तुमच्यासारखं माणूस असलं की आमचं निम्मं काम होतं." मी सलाइनबद्दल काहीतरी विचारलं आणि परत आले. नोकरी जाईल ही भीती होती. सरांचं नाव खराब होईल ही होती. पण सगळ्यात मोठी भीती, तुला कळेल, ही होती. मी मनाशी म्हणायचे, थर थोडा तरी राहिला असेल. एखाद्या कोपऱ्यात तरी.

ऑपरेशननंतर मी त्यांना सांगितलं. तिथेच, लिफ्टजवळ. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि बाकावर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "सकाळी सांगितलं असतं तर," आणि टोपी घेऊन उठून आत गेले.

मोनालीला ठाऊक आहे. सोमवारी दुपारी मी तिला सांगितलं. तिने मला एक शब्दाने बोल लावला नाही. त्याबद्दल आत्ता लिहवत नाही.

तू उद्या येते म्हणालीस. ये. पोरांना शेजारी ठेव. हे पत्र तुला गाडीत बसायच्या आधी मिळालं तर

(एवढंच लिहून झालं.)


धुळे
सोमवार, ७ एप्रिल

अक्का,

वरचं पत्र एकवीस तारखेचं आहे. ते मी कंडक्टरच्या हातात दिलं आणि परत मागून घेतलं. त्याला वाटलं पाकीट चिकटवायचं राहिलं. सतरा दिवस ते माझ्या पर्समध्ये होतं. रविवारी, तेवीसला, तू मोनालीच्या पायाशी बसून तिचे तळवे चोळत होतीस तेव्हाही ते माझ्या खांद्याला अडकलेलं होतं. ते आधी वाच, मग हे.

बोलायला खूप वेळ होता. मोनालीला शेवटचं गावी नेताना तू सहा तास ॲम्ब्युलन्समध्ये—नाही, सहा तास नव्हते, साडेतीनच होते, मलाच तेवढे वाटले—माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होतीस. दहाव्याला नदीवर सांगता आलं असतं. पाडवा आला नि गेला, तुझ्या गल्लीत एकानेही गुढी उभारली नाही, तिच्यासाठी. तेव्हा सांगता आलं असतं.

तेराव्याला तू काय केलंस? भरल्या मांडवात माझा हात वर धरलास आणि म्हणालीस, "बठ्ठा आयका. मन्ही पोरना करता हिनी रातना दिन कया. अशी बहीन कोनले भेटावं नही." बायका डोळे पुसायला लागल्या. मी तुझा हात सोडवून घेतला नाही. खाली मान घालून उभी राहिले, आणि लोकांना तो माझा नम्रपणा वाटला.

मग तू रेशमाला पुढे ढकललंस. "इले तुन्हा जोडे लई जाय. शाळामा टाक. तुन्हासारखी शिस्टर कर." शनिवारी मी साक्री स्टँडवर यायचं आणि पोरीला धुळ्याला घेऊन जायचं, असं तू ठरवूनही टाकलंस. पोरीने त्याच दिवशी पिशवीत आपली पाटी भरली.

त्या पाटीमुळे मी हे लिहिते आहे. नाहीतर लिहिलं नसतं. मोनालीने मला लिहू नको असंच सांगितलं होतं.

सोमवारी दुपारी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, नवल खाली चहाला गेला होता. मी तिच्या केसांना तेल लावत होते. तिचं डोकं माझ्याकडे पाठमोरं होतं, म्हणून बोलता आलं. ड्रमचं सांगितलं, थराचं सांगितलं, "हो सर" म्हणाले तेही. तिने चादरीचा काठ ओढून सरळ केला. मग म्हणाली, "मावशी, आईले नको सांगू. तिले आते तू एकलीच शे."

शिवी दिली असती तर मी सोसली असती, अक्का. पोटात छिद्र घेऊन पडलेली पोर, आणि काळजी कुणाची, तर तू एकटी पडशील याची.

आता राहिलेलं लिहिते. एकवीस तारखेला हेच लिहवलं नव्हतं.

तेल लावून झालं, मी वेणी घालायला घेतली, तेव्हा तिने मान वळवून मला विचारलं, "पन डॉक्टरले सांगं ना तू?"

मी म्हणाले, "हो."

"बठ्ठं?"

"हो, सगळं. बठ्ठं."

ती म्हणाली, "मंग काय भेव नही." आणि उशीवर पडून तिने खरंच डोळे मिटले. मला वाटलं, आता उठावं आणि सांगून यावं, म्हणजे हे खोटं खरं होईल. पाच वाजले होते. डॉक्टर सहापर्यंत असतात. मी वेणी पुरी केली, फणीतले केस काढले, तेलाची बाटली पुसून ठेवली. मग सहा वाजून गेले.

मंगळवारी स्ट्रेचरवर ती नवलला समजावत आत गेली. नवलने हे मला स्मशानातून येताना सांगितलं. त्याला त्यातलं काही कळलेलं नाही, तो आपला आठवण म्हणून सांगत होता: "जाता जाता माले म्हने, भेऊ नको, डॉक्टरले बठ्ठं माहीत शे." मी नवलच्या शेजारी चालत राहिले. त्याला म्हणाले, हो रे, तिचा स्वभावच तसा.

तिला घाबरायचा हक्क होता. मी डॉक्टरांना सांगितलेलं नाही हे तिला कळलं असतं तर ती म्हणाली असती, आज नको, आधी त्यांना सांग. ती ऑपरेशनला नाही म्हणाली असती. चार महिने शिरेतून अन्न घेत पडून राहिली असती, वैतागली असती, पोरांना भेटायला रडली असती, आणि कदाचित जगली असती. जाळीची चूक घाईत झाली असं म्हणून मी स्वतःला अजून फसवू शकते. ह्या "हो"ला घाई नव्हती. एक तास होता माझ्याकडे.

मी सरांना सगळं लिहून दिलं आहे. त्यांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, काही दिवस सुटीवर जा. म्हणून त्याची दुसरी प्रत सोबत जोडली आहे, माझ्या सहीनिशी. ती नवलला दे. त्याला जिथे न्यायची असेल तिथे नेऊ दे, मी आडवी येणार नाही. जळगावच्या डॉक्टरांना मी तिसरी प्रत टपालाने पाठवली आहे.

कपाट मी त्याआधीच रिकामं केलं. बावीस वर्षांचे तुकडे एका पिवळ्या पिशवीत घालून कचऱ्यात दिले. दुसऱ्याच दिवशी पिंपळनेरकडची एक बाई आली, ऊसतोडीची, पोट मोनालीसारखंच, बरोबर नवरा. सरांनी सवयीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नाही सर, काही नाही. तिला पट्टा बांधून परत पाठवलं. त्यातलंही काही बरोबर झालं की नाही, मला आता कळत नाही. मला कशातलंच कळत नाही. सकाळी उठते, दात घासते, परत येऊन पलंगावर बसते.

मोनालीचं एवढं एक मागणं होतं, आईला सांगू नको. तेही मोडलं. तू एकटी पडलीस. तिचं म्हणणं खरं होतं, तुला माझ्यावाचून कुणी नव्हतं, आणि आता मीही नाही. ह्यावर तुला काय वाटेल ते मी विचारत नाही. माफी मागत नाही, मागितली तर तुझा जीव अडकेल, तू लहानपणापासून माझ्याबाबतीत अशीच आहेस.

आता रेशमा. आधी लिहिणार होते की हे सगळं वाच आणि तिला पाठवायचं की नाही ते तू ठरव. पण तेही माझं ओझं तुझ्या डोक्यावर देणं झालं. पाठवू नकोस. मी शनिवारी स्टँडवर येणार नाही. तिची पाटी तूच पिशवीतून काढून ठेव, आणि तिला माझ्याबद्दल काय सांगायचं ते सांग, खरं सांग.

कारण माझ्याजवळ राहिली तर ती आज ना उद्या मला विचारणार. लहान आहे, पण तिच्या आईसारखी सरळ बघून विचारते. म्हणेल, आईला वाचवायला तू सगळं केलं होतंस ना? तेव्हा मी तिच्या केसांना तेल लावत असेन, आणि मी हो म्हणेन, अक्का. मी पुन्हा हो म्हणेन.

सरिता